बंद कंटेनरची उघडी नोंद
द्राक्ष-निर्यातीत संवेदकांचा उपयोग

द्राक्षबागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात फळछाटणी करतो आणि घड काढणीस येईपर्यंत डोळ्यांत तेल घालून बाग राखतो. परंतु पॅकहाउसमध्ये भरलेल्या रीफर कंटेनरचे दार एकदा बंद झाले, की तोच माल कित्येक आठवडे त्याच्या दृष्टीआड होतो. नाशिकची द्राक्षे रस्त्याने न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात, तेथून जहाजाने रॉटरडॅमसारख्या युरोपीय बंदरात आणि पुढे व्यापाऱ्याच्या गोदामात जातात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालावा लागला व हा प्रवास अधिकच लांबला.

माल पोचल्यावर 'देठ सुकले, मणी गळले, पेट्या कमी भरल्या' असा निरोप येतो आणि हिशेबपट्टीतून रक्कम कापली जाते. नुकसान कोणाच्या ताब्यात असताना झाले, हे मात्र कोणीच सांगत नाही. या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यास संवेदक, म्हणजेच सेन्सर, उपयोगी पडतो.

सीलची मर्यादा

कंटेनरच्या दारास क्रमांक असलेले बोल्टचे सील लावतात. निर्यातदार आपल्या जागेतच जे कंटेनर बंद करतो, त्यांच्यासाठी भारतीय सीमाशुल्क खात्याने २०१७ मध्ये रेडिओ लहरींवर चालणारे इलेक्ट्रॉनिक सील योजिले. असे सील कापले गेल्यास ते वाचनयंत्रास कळते. तथापि सील हे केवळ दाराच्या कडीचे रक्षण करते. दाराची बिजागरी अथवा कडीचे रिव्हेट काढून, सीलला धक्का न लावता दार उघडण्याची युक्ती चोरांस ठाऊक असते. शिवाय वाटेत डिझेल वाचविण्यासाठी कोणी शीतयंत्राचा जनरेटर बंद ठेवला, तर सील शाबूत राहते आणि माल बिघडतो.

संवेदकाचे कार्य

मुठीत मावेल एवढ्या नोंदयंत्रात निरनिराळे संवेदक बसविलेले असतात. बंद कंटेनरमध्ये पूर्ण अंधार असतो. दार उघडून प्रकाश आत आला, की प्रकाश-संवेदक त्या घटनेची वेळ टिपतो. रात्री अंधारात दार उघडले, तरी बाहेरची उष्ण व दमट हवा आत शिरते व ती तापमान आणि आर्द्रतेच्या नोंदीत दिसते. धक्का मोजणारा संवेदक पेट्यांची आदळआपट दाखवितो. उपग्रहाच्या साह्याने स्थान कळविणारे यंत्र असल्यास ठिकाणही समजते. मात्र कंटेनरच्या लोखंडी भिंती रेडिओ लहरी अडवितात, म्हणून पुष्कळदा नोंद यंत्रातच साठते व माल उतरविल्यावर वाचली जाते.

द्राक्षे ० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत राखावी लागतात. तापमान चढले की देठ सुकतात, आणि ते पुन्हा उतरताना मण्यांवर दव धरून कूज वाढते. म्हणून तापमानाची रेषा केव्हा चढली, हे कळणे म्हणजे जबाबदारी कोणाची हे कळण्याची पहिली पायरी होय.

नोंद वाचताना

प्रत्येक प्रकाश-नोंद म्हणजे चोरी नव्हे. सीमाशुल्क किंवा वनस्पती-संगरोध अधिकारी तपासणीसाठी दार उघडतात व नंतर नवे सील लावले जाते. ही वेळ कागदपत्रांशी ताडून पाहावी. शीतयंत्र आपल्या नळ्यांवरील बर्फ वितळविते, तेव्हा हवेचे तापमान थोडा वेळ वाढते. त्यास छेडछाड समजू नये. तसेच यंत्राचे घड्याळ कोणत्या वेळेवर लावले आहे, हे अवश्य पाहावे. भारतीय वेळ ग्रीनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे असते. हा फरक ध्यानात न घेतल्यास वाहनचालकाचा दोष बंदरावर आणि बंदराचा दोष वाहनचालकावर जावयाचा.

कंटेनर भरताना

१. भरण्यापूर्वी माल पूर्ण थंड झाल्याची खात्री करून त्याचे तापमान लिहून ठेवावे. गरम मालाचा दोष वाहतुकीवर टाकता येत नाही.

२. एक नोंदयंत्र पेट्यांच्या थरात ठेवावे. प्रकाश टिपणारे यंत्र दाराजवळ, त्यावर आच्छादन येणार नाही असे लावावे.

३. यंत्र चालू केल्याची खूण पाहून त्याचा क्रमांक, कंटेनरचा क्रमांक, सीलचा क्रमांक व दार बंद केल्याची वेळ वहीत नोंदवावी. सील आणि बिजागऱ्या यांची छायाचित्रे घ्यावीत.

४. वाहनचालकाने माल ताब्यात घेताना त्याची सही घ्यावी. पुढे माल जेथे हस्तांतरित होईल, तेथील वेळही मागून ठेवावी.

५. निर्यातदारामार्फत माल पाठविणाऱ्या बागाईतदाराने, संपूर्ण नोंदीची प्रत आपणास मिळेल, अशी अट करारातच घालून घ्यावी.

गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्यांनी निर्यात-हंगामापूर्वी बागाईतदारांच्या गटास प्रत्यक्ष नोंदयंत्र दाखवून त्याची रेषा वाचावयास शिकवावे. संवेदक चोरास अडवीत नाही, की बिघडलेला घड ताजा करीत नाही. तो फक्त वेळ सांगतो. त्या वेळी माल कोणाच्या हाती होता, हे बागाईतदाराच्या वहीने सांगावयाचे असते. वही कोरी राहिली, तर यंत्राची साक्ष अपुरी पडते. दोन्ही जुळल्या, तर हिशेबपट्टीतील कपातीस पुराव्यानिशी हरकत घेता येते.