साखळी आणि बाद

शाळाशाळांतील कबड्डीचे सामने तुम्ही पाहिले असतीलच. जो संघ हरला तो बाद, जो जिंकला तो पुढच्या फेरीत. हीच बाद पद्धत. मैदान एकच आणि दिवस थोडे, म्हणून आम्हीही शाळेत वर्षानुवर्षे तीच अवलंबीत असू. परंतु तिच्यात एक मोठा दोष आहे. १९३४ साली इटलीत फुटबॉलची दुसरी विश्वचषक स्पर्धा याच पद्धतीने झाली. ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे संघ अटलांटिक महासागर ओलांडून आले, एकेक सामना हरले आणि आल्या वाटेने परत गेले. एवढा लांबचा समुद्रप्रवास, आणि खेळ अवघा नव्वद मिनिटांचा!

एका दिवसाच्या अपयशाने चांगला संघ बाहेर पडू नये, यासाठी साखळी पद्धत आहे. संघांचे चार-चारांचे गट पाडतात. गटातील प्रत्येक संघ उरलेल्या तिघांशी खेळतो. म्हणजे एका गटात सहा सामने. त्यांतील गुणांवरून क्रम लागतो, आणि वरचे संघ बाद फेरीत जातात.

ही व्यवस्था निर्दोष वाटते ना? पण १९८२ साली स्पेनमध्ये काय झाले ते पाहा. अल्जीरियाने बलाढ्य पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवून सर्वांना चकित केले. तीनपैकी दोन सामने जिंकून त्या संघाने आपले काम पुरे केले. गटातील शेवटचा सामना दुसऱ्या दिवशी, २५ जूनला, हिहोन येथे पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांच्यात होता. त्या काळी गुण समान झाले की केलेले व झालेले गोल यांतील फरक पाहत. जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली, तर ते दोघेही पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर पडणार, हा हिशेब दोन्ही संघांना ठाऊक होता. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला. पुढे खेळ रंगलाच नाही. चेंडू इकडून तिकडे नुसता फिरत राहिला. अल्जीरियाच्या पाठीराख्यांनी नोटा फडकावून आपला संताप दाखविला. अल्जीरियाने तक्रार केली. पण नियम कोणताच मोडला नव्हता, तेव्हा निकाल कायम राहिला. दोन सामने जिंकलेला संघ घरी गेला.

नियम बदलला तो पुढे. १९८६ पासून गटातील शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होतात. मग दुसरीकडचा निकाल आधी कळावा कसा?

२०२६ च्या स्पर्धेसाठी संघांची संख्या ३२ वरून ४८ करण्यात आली. आरंभी तीन-तीन संघांचे गट करण्याचे ठरले होते. तसे झाले असते, तर प्रत्येक गटाच्या शेवटच्या सामन्याच्या वेळी एक संघ रिकामा बसला असता, आणि हिहोनचीच पुनरावृत्ती होण्याची भीती होती. म्हणून २०२३ मध्ये तो बेत सोडून चौघांचे १२ गट ठरले. प्रत्येक गटातील पहिले दोन, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या बारांपैकी सरस आठ, असे ३२ संघ बाद फेरीत येतात. आता तुम्हीच गणित करा. एक विजेता उरण्यासाठी ३१ संघ हरले पाहिजेत, आणि एका सामन्यात एकच संघ हरतो. म्हणून सामने ३१. तिसऱ्या क्रमांकासाठी आणखी एक, आणि गटांतील ७२, एकूण १०४.

मात्र एक फट राहिलीच. तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना निरनिराळ्या गटांत करावी लागते, आणि सर्व गटांचे शेवटचे सामने काही एकाच दिवशी होत नाहीत. ज्यांची पाळी उशिरा येते, त्यांना किती गुण पुरतील हे बरेचसे आधीच समजलेले असते.