गाडी पुसली की ओरखडे का पडतात?

"मेकॅनिकलची मुलगी आणि लेख कशावर, तर गाडी धुण्यावर!" असं म्हणून लगेच पान उलटू नका. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यावर आम्ही पानंच्या पानं लिहितो, पण गाडीचा जो भाग रोज डोळ्यांसमोर असतो त्या रंगाबद्दल कोणी काही विचारत नाही. (मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे काही शब्द इंग्लिशच येतील. मराठी सेक्शनच्या एडिटरने ते चालवून घेतले आहेत.)

तर रंगाची गोष्ट. पत्र्यावर रंगाचा एकच थर नसतो. आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग म्हणजे बेसकोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. चकाकी येते ती या वरच्या थरामुळे आणि त्याची जाडी असते साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. आपण ज्या झेरॉक्सच्या कागदावर असाइनमेंट लिहितो तो साधारण १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे कागदाच्या निम्म्या जाडीवर गाडीची सगळी शान उभी आहे! आणि हा क्लिअरकोट शेवटी एक प्रकारचं प्लॅस्टिकच.

आता त्याच्यावर काय बसतं ते बघा. आपली भिवंडी म्हणजे खडी आणि सिमेंट वाहणारे ट्रक, गोडाऊनकडे जाणारे कंटेनर आणि कायम कुठेतरी खोदलेला रस्ता. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. त्यातली खनिजं मोहस् स्केलवर ५ ते ६ च्या आसपास येतात आणि वाळूतलं क्वार्ट्झ तर ७. काच साधारण साडेपाच. जो कण काचेला भारी पडतो तो प्लॅस्टिकला काय सोडणार! त्यात लूममधून उडणारा कापसाचा तंतू आणि सायझिंगच्या बॉयलरची काजळी. तंतू स्वतः मऊ असतो, पण धुळीचे कण पकडून ठेवतो. अंजुरफाट्याहून कल्याण नाक्यापर्यंत गाडी आणा आणि बॉनेटवर बोट फिरवा. नको, बोट फिरवू नकाच. त्यानेही ओरखडा पडतो.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या हॉस्टेलचे वॉचमनकाका. सकाळी ते स्टाफच्या काही गाड्या पुसतात, त्याचे महिन्याचे थोडे पैसे मिळतात. या वर्षी एका काळ्या गाडीवर उन्हात गोल गोल जाळी दिसायला लागली आणि "काकांनी गाडी खराब केली" म्हणून त्या गाडीचे पैसे बंद झाले. मी काकांना विचारलं की कसं पुसता. ते म्हणाले, "ताई, साहेबांना आठच्या आत गाडी चकचकीत लागते. एक बादली, एक फडकं. पाण्याला वेळ कुठाय? कोरडंच झटकून घेतो." मला वाटतं दोष काकांच्या हाताचा नाही, आपण लावलेल्या पद्धतीचा आहे. कोरडं फडकं फिरवलं की खडीची पूड आणि क्लिअरकोट यांच्यामध्ये काहीच उरत नाही. आपण पॉलिश पेपर लावतोय, फक्त त्याला फडकं म्हणतोय.

ती जाळी गोल दिसते म्हणून पुष्कळांना वाटतं की हात गोल फिरवल्यामुळे ती पडली. अर्धंच खरं. मेसमधलं घासून घासून जुनं झालेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळं दिसतील. ताट हलवा, वर्तुळंही सरकतील! ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण प्रकाशाभोवती आडवे पडलेलेच तेवढे आपल्या डोळ्याकडे चमक पाठवतात. म्हणजे सरळ हाताने पुसलं तरी खडा असेल तर रेघ पडणारच. खडा निघाला पाहिजे, हा मुद्दा.

म्हणून आधी नुसतं पाणी. गाडी सावलीत आणि बॉनेट थंड झालेलं असावं, नाहीतर पाणी पुसायच्या आत वाळतं आणि क्षारांचे पांढरे डाग राहतात. बोअरच्या पाण्याने तर हमखास. टपापासून खाली पाणी सोडायचं आणि हात अजिबात लावायचा नाही. पाईप नसेल तर झाडांना घालायची झारी चालते. शेतातला फवारणीचा पंप तर उत्तमच, पण औषध मारलेला नको, नवा हवा.

मग दोन बादल्या. एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं शॅम्पूत बुडवायचं, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून पिळायचं आणि परत शॅम्पूत. या दुसऱ्या बादलीसाठीच हा सगळा खटाटोप! एकाच बादलीत काम केलं तर आधीच्या दरवाजाची माती आपण पुढच्या दरवाजाला नेऊन लावतो. क्रम टप, काचा, बॉनेट, दरवाजांचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी खालचा पत्रा आणि बंपर. चाकांचं फडकं वेगळं, ते रंगाला लागता कामा नये. फडकं जमिनीवर पडलं तर त्या दिवसापुरतं बाद. उचलून झटकून परत वापरणारे महाभाग मी पाहिलेत.

कपड्यांची पावडर नको. ती अल्कलाइन असते, वॅक्स काढून टाकते आणि न विरघळलेले दाणे राहतात ते वेगळेच. भांड्यांच्या वडीत तर घासणारी पूडच असते.

फडक्याबद्दल इथे भिवंडीत सांगायची मला थोडी भीतीच वाटते, कारण कापड सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. लूमची चिंधी स्वस्त मिळते, पण खळ लावलेलं कोरं कापड कडक असतं आणि शिवणीची कड तर त्याहून वाईट. मायक्रोफायबर घ्या. डेनियर म्हणजे ९००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. मायक्रोफायबरचा एकेक तंतू १ डेनियरपेक्षाही बारीक असतो, त्यामुळे कण पृष्ठभागावर घासत न राहता तंतूंच्या आत शिरतो. मात्र ते सुती कपड्यांबरोबर धुवू नका, लव चिकटते. पुसताना घासायचं नाही. कोरडं मायक्रोफायबर पसरून टिपून घ्यायचं.

आता तुम्ही म्हणाल, पाणी कुठून आणायचं? १५ लिटरच्या चार बादल्यांत, म्हणजे ६० लिटरमध्ये छोटी गाडी नीट होते. नळाचा पाईप १० मिनिटं सोडून ठेवला तर शंभराच्या वर सहज जातं. मधल्या दिवशी गाडी पुसायचीच असेल तर काचा तेवढ्या ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि पत्र्याला धूळ बसलेली राहू द्यावी. नुसती बसलेली धूळ ओरखडा काढत नाही. पक्ष्याची घाण मात्र थांबू देऊ नका. ओला कागद पाच मिनिटं ठेवून अलगद उचला.

आधी पडलेली जाळी पॉलिश करून काढता येते, पण पॉलिश म्हणजे उरलेला क्लिअरकोट आणखी घासणं. त्या ५० मायक्रॉनमधूनच ते वजा होतं आणि परत भरून येत नाही. हे मी काळ्या गाडीवाल्या सरांना कागदावर आकृती काढून दाखवलं. त्यांनी काकांचे पैसे परत चालू केलेत आणि आता गाडी रोज न पुसता रविवारी धुतली जाते. दोन बादल्या बॉईज हॉस्टेलच्या जिन्याखाली ठेवल्या आहेत, निळी शॅम्पूची आणि पांढरी साध्या पाण्याची. कृपया त्यात कपडे भिजवू नका.