गाणं कुणाचं? ‘द पोलीस’ची गोष्ट

माझे वडील मुंबईच्या स्टुडिओंमध्ये व्हायोलिन वाजवायचे. रेकॉर्डिंग संपलं की हातात पाकीट मिळायचं आणि त्या गाण्याशी असलेला त्यांचा हिशेब तिथंच मिटायचा. एका मराठी चित्रपटगीतात दोन कडव्यांच्या मध्ये व्हायोलिनचा एक छोटा तुकडा आहे. वडिलांनी तो तालमीत सहज वाजवून दाखवला आणि संगीतकारांनी तसाच ठेवून घेतला. ते गाणं अजून रेडिओवर लागतं. लोकांना शब्दांच्या आधी तो तुकडा आठवतो. तबकडीवर मात्र वडिलांचं नाव नाही. “पैसे मिळाले ना, मग झालं,” असं ते म्हणतात. पण तो तुकडा वाजायला लागला की त्यांच्या हातातलं काम थांबतं.

‘द पोलीस’ या रॉक बँडविषयी मी वाचू लागलो, तेव्हा जगप्रसिद्ध झालेल्या, भांडून वेगळ्या झालेल्या आणि पुन्हा एकत्र आलेल्या या तिघांच्या गोष्टीतही मला हेच पाकीट दिसलं.

बँड सुरू झाला १९७७ मध्ये, लंडनला. ड्रमर स्टुअर्ट कोपलँड अमेरिकन. गायक आणि बास गिटारवादक स्टिंग हा इंग्लंडमधल्या न्यूकॅसल भागातला, काही काळ शाळामास्तर राहिलेला. थोड्याच दिवसांत अँडी समर्स गिटार घेऊन आला. तो या दोघांपेक्षा जवळपास दहा वर्षांनी मोठा आणि अनेक बँड पालथे घातलेला. पंक संगीताचा जमाना होता आणि या तिघांना वाजवता जरा जास्तच चांगलं येत होतं, हीच त्यांची अडचण होती. पैशांची चणचण तर कायमचीच. च्युइंगगमच्या एका जाहिरातीसाठी तिघांनी केस सोनेरी रंगवले. ती जाहिरात कधी दाखवलीच गेली नाही, पण केसांचा रंग बँडची ओळख बनून राहिला.

त्यांचं वेगळेपण होतं ते वाजवण्याच्या पद्धतीत. जमैकाच्या रेगे संगीतात तालाचा भार आपल्या अपेक्षेच्या जागी पडत नाही; पहिला ठोका अनेकदा मोकळा सोडलेला असतो. कोपलँडने ही चाल रॉकच्या वेगात आणली. समर्स जाडजूड कॉर्ड्सऐवजी बोटं ताणून विरळ, उघडे स्वर लावायचा आणि ते प्रतिध्वनीच्या यंत्रातून पसरू द्यायचा. वादक तीनच असल्यामुळे मध्ये भरपूर मोकळी जागा उरायची, आणि त्या जागेत स्टिंगचा उंच आवाज स्वच्छ ऐकू यायचा. १९७८ ते १९८३ या काळात त्यांचे पाच अल्बम निघाले. मार्च १९८० मध्ये ते मुंबईतही वाजवून गेले. त्या काळी एवढा लोकप्रिय पाश्चात्त्य बँड इथं येणं दुर्मीळ होतं. ऑगस्ट १९८३ मध्ये न्यूयॉर्कचं शे स्टेडियम त्यांनी भरवलं.

पण शिखरावर पोचेपर्यंत आतून भेगा पडल्या होत्या. पाचवा अल्बम ‘सिंक्रोनिसिटी’ कॅरिबियनमधल्या माँटसेरात बेटावर ध्वनिमुद्रित झाला. तिथं तिघं तीन खोल्यांत बसून वाजवत होते. कोपलँडचे ड्रम चक्क जेवणघरात मांडले होते. ध्वनीच्या दृष्टीने त्याला कारणं होती, पण बोलण्याच्या दृष्टीनेही ती सोय झाली. याच अल्बममधलं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ अमेरिकेत सलग आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

खरा प्रश्न या गाण्यापासून सुरू होतो. चाल आणि शब्द स्टिंगचे. मूळ कच्च्या मुद्रणात ऑर्गन होता. त्याच्या जागी काय वाजवावं हे समर्सवर सोपवलं गेलं आणि त्याने गिटारवर तो सुटासुटा चालत राहणारा स्वरसमूह बसवला. आज जगात कुठंही हे गाणं ओळखू येतं ते त्या गिटारवरून. गीतकार-संगीतकार म्हणून नाव मात्र एकट्या स्टिंगचं.

इथं कायदा समजून घ्यायला हवा. कोणत्याही गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल, दुसरी ध्वनिमुद्रण. मुद्रणाच्या उत्पन्नात वादकांना करारानुसार वाटा मिळतो. रचनेचं उत्पन्न रचनाकाराकडे जातं, आणि गाणं कुणीही नव्याने गायलं तरी ते येतच राहतं. चाल सजवणं आणि चाल रचणं यांच्यामधली रेषा कुठं ओढायची, हा सगळ्या भांडणाचा गाभा. १९९७ मध्ये पफ डॅडीने याच मुद्रणातला गिटारचा भाग उचलून नवं गाणं केलं आणि ते प्रचंड गाजलं. कानावर पडत होती ती समर्सची गिटार. रचनेची रॉयल्टी गेली स्टिंगकडे.

मार्च १९८४ मधल्या मेलबर्नच्या कार्यक्रमांनंतर तिघं पांगले. ‘आम्ही फुटलो’ असं तेव्हा कुणी जाहीर केलं नाही. १९८६ मध्ये पुन्हा स्टुडिओत जमले, पण ऐनवेळी कोपलँड घोड्यावरून पडला आणि त्याच्या गळ्याचं हाड मोडलं. ड्रम वाजवता येईना, म्हणून यंत्रावर ताल बसवायचं ठरलं. मग कोणतं यंत्र वापरायचं यावरून वाद झाला. जो माणूस तालाच्या जागेवर सर्वांत जास्त बोलू शकत होता, त्याचीच जागा यंत्राकडे गेली होती. एका जुन्या गाण्याची नवी आवृत्ती तेवढी बाहेर आली.

पुनर्मीलन झालं २००७ मध्ये. व्हँकुव्हरपासून सुरू झालेला दौरा ऑगस्ट २००८ मध्ये न्यूयॉर्कला संपला. सुमारे दीडशे कार्यक्रम आणि ३५ कोटी डॉलरहून अधिक तिकीटविक्री. मात्र या सव्वा वर्षात एकही नवं गाणं तयार झालं नाही. माझ्या मते यातच सगळं आलं. जुनी गाणी वाजवताना वाटे आधीच ठरलेले असतात. नवं गाणं करायचं म्हटलं की ‘यातलं कुणाचं किती’ हा प्रश्न पुन्हा टेबलावर येतो.

तो २०२५ मध्ये न्यायालयात आलाच. डिजिटल माध्यमांतून येणाऱ्या उत्पन्नातल्या आपल्या वाट्यासाठी समर्स आणि कोपलँड लंडनच्या हायकोर्टात स्टिंगविरुद्ध उभे राहिले.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क बळकट केला, वादकांनाही कलावंत म्हणून हक्क दिले. पण वादकापर्यंत हक्क पोचायचा तर आधी त्याचं नाव कुठंतरी लिहिलेलं असावं लागतं. निदान ते तरी आता प्रत्येक रेकॉर्डिंगला व्हावं. त्याला खर्च येत नाही.

खटल्याची बातमी मी वडिलांना वाचून दाखवली. ते आता नव्वदीला टेकलेत. पैशांचा आकडा त्यांनी विचारला नाही. “म्हणजे तिघं आता पुन्हा एकत्र वाजवणार नाहीत,” एवढंच म्हणाले.