'बाबा कुठे गेले?' या प्रश्नाला उत्तर देताना

'बाबा अजून रुग्णालयातच आहेत.' एप्रिल-मे २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अनेक घरांत लहान मुलांना असेच सांगितले गेले. प्रत्यक्षात अंत्यसंस्कार होऊन काही दिवस लोटलेले असत. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलाला हे झेपणार नाही, एवढाच विचार त्यामागे होता.

कोरोनाच्या साथीने मृत्यूनंतरची सारी रीतच मोडली. मृतदेह आवरणात बंद, अंत्यविधीला जास्तीत जास्त २० जणांची मर्यादा, दहाव्या-तेराव्याला कोणी येणे नाही, शेजारघरचा पिठलेभातही नाही. एरवी हे सारे पाहताना मुलाला न सांगताही पुष्कळ काही कळते. या वेळी रुग्णवाहिका आली, बाबा चालत जाऊन तिच्यात बसले आणि परतले नाहीत, एवढेच त्याला दिसले.

मृत्यू कायमचा असतो, हे साधारणपणे पाच वर्षांखालील मुलांना उमगत नाही. 'देवाघरी गेले' म्हटले की ती परतीची वाट पाहतात. 'झोपले' म्हटले तर स्वतःच झोपायला घाबरतात. शिवाय घडणाऱ्या वाईट गोष्टीला आपणच कारणीभूत आहोत, असे या वयात सहज वाटते. साथीच्या काळात या समजुतीला मोठ्यांनीच नकळत खतपाणी घातले. 'खाली खेळायला जाऊ नकोस, आजीला होईल,' हे वाक्य घरोघरी रोज उच्चारले जात होते. पुढे आजी खरोखरच गेली, तेव्हा मुलाने त्याचा काय अर्थ लावला, हे बहुधा कोणी विचारलेच नाही.

मुलांचे दुःख सलग नसते. घटकाभर रडून मूल खेळायला पळते आणि 'विसरले बिचारे' असा निष्कर्ष काढला जातो. पुढे पोटदुखी, अंथरूण ओले होणे, चिडचीड अशा वाटांनी ते बाहेर पडते. शाळा बंद असल्याने शिक्षकांच्याही हे ध्यानी आले नाही.

'लॅन्सेट'मधील जुलै २०२१ च्या अंदाजानुसार, पहिल्या चौदा महिन्यांत जगातील १५ लाखांहून अधिक मुलांनी आई, वडील किंवा सोबत राहणारे आजी-आजोबा गमावले. त्यांत वडील गमावलेल्यांचे प्रमाण आई गमावलेल्यांहून बरेच अधिक होते. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने जून २०२१ मध्ये पाच लाख रुपयांच्या ठेवीचा निर्णय घेतला. एकच पालक गेलेले मूल त्या ठेवीच्या निकषात बसत नव्हते.

मुलाला सांगायचे ते साध्या शब्दांत सांगावे. बाबांच्या शरीराने काम करणे थांबवले, ते परत येणार नाहीत आणि हे तुझ्यामुळे झालेले नाही. शेवटचे वाक्य एकदा सांगून भागत नाही. झोप, भूक किंवा अभ्यास दीर्घकाळ बिघडला असेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

उशीर झाला म्हणून हा विषय टाळू नये. वयाबरोबर मृत्यूचा अर्थ नव्याने कळतो आणि जुने प्रश्न परततात. तेव्हा चार वर्षांचे असलेले मूल 'बाबा कधी येणार?' असे विचारत होते. मोठे झाल्यावर तेच मूल 'घरात संसर्ग कोणी आणला?' असे विचारू शकते.