स्वमग्न तरुणांच्या हाताला काम

आपल्या गावात एखादा मुलगा असा असतो की तो फारसा कोणात मिसळत नाही. बोललेच तर एकच विषय पुनःपुन्हा बोलतो. नजरेला नजर देत नाही, लग्नातला बँड वाजू लागला की कान झाकून घेतो, आणि रोजची वाट बदलली तर बेचैन होतो. लोक त्याला कधी भोळा म्हणतात, कधी वेडा म्हणून मोकळे होतात. त्यांपैकी काहींच्या बाबतीत खरे नाव वेगळे असते. ते नाव म्हणजे स्वमग्नता, इंग्रजीत ऑटिझम.

ही मेंदूच्या जडणघडणीतली जन्मापासूनची वेगळी रीत आहे. आईच्या हयगयीने ती येत नाही, करणी-बाधेने तर मुळीच नाही, आणि लग्न लावून दिल्याने जातही नाही. काही स्वमग्न मुले उत्तम शिकतात, काहींना बोलताही येत नाही. म्हणून एकाचे माप दुसऱ्याला लावू नये.

अशा मुलाच्या आईबापांना रात्री एकच प्रश्न छळतो : आमच्या मागे याचे कसे व्हायचे? या प्रश्नाचे सगळे उत्तर कामधंद्यात नाही, पण मोठा भाग त्यात आहे. हाताला काम असले की दिवसाला आकार येतो, चार माणसांत ओळख होते आणि घरात शब्दाला किंमत येते.

यासंबंधी एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याला पुढे एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले होते. डोनाल्डला मोजण्याचा नाद. तो मक्याच्या ओळी सारख्या मोजत राही. त्या जोडप्याने त्याला रागे भरले नाही. ओळी मोजायच्या तर नांगर धरून मोज, म्हणून नांगर हाती दिला. मापे घ्यायची तर विहीर खण आणि किती खोल गेली ते सांग, म्हणाले. १९४५ साली डॉक्टर भेटीला गेले, तेव्हा हा मुलगा घोडा वळवून सरळ नांगरट करीत होता. पुढे तो पदवीधर झाला आणि आपल्याच छोट्या गावच्या बँकेत साठांहून अधिक वर्षे नोकरीत राहिला. २०२३ साली तो वारला. बँक आजोळची होती हे खरे, पण एवढी वर्षे त्याला सांभाळून घेतले ते साऱ्या गावाने.

यातून घेण्यासारखी गोष्ट ही, की मुलाचा नाद मोडण्याआधी तो कोणत्या कामाला जुंपता येईल ते पाहावे.

आता आपल्याकडे या. इस्लापूर हे किनवट तालुक्यातले, मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचे गाव. या भागात शेती आहे, सागाचे रान आहे, बाजार आहे, दुकाने आहेत. स्वमग्न तरुणाला बहुधा ठरलेले, क्रमाने होणारे काम मानवते. रोपवाटिकेत पिशव्या भरून रोपे ओळीने मांडणे, शेळ्या-कोंबड्यांना वेळच्या वेळी चारा-पाणी करणे, किराणा दुकानात डाळ-साखर तोलून पुड्या बांधणे, वाचनालयात पुस्तके क्रमांकाने लावणे, ही अशी कामे. ज्याला आवाज सोसत नाही त्याला पिठाच्या गिरणीवर ठेवू नये. मालकाकडे जाताना नुसती गयावया करू नये. मुलाने केलेले काम बरोबर न्यावे, नाहीतर आठ दिवस करून दाखवावे. दया चार दिवस पुरते, चोख काम वर्षभर पुरते.

पण काम लागणे एक आणि टिकणे दुसरे. पुष्कळदा मुलाला काम येत असते, तरी नोकरी जाते. ती जाते कामाभोवतीच्या गोष्टींनी. समजा, मालक म्हणाले, "जरा दुकानाकडे बघ रे," आणि बाहेर गेले. मुलगा खरोखरच दुकानाकडे बघत उभा राहतो. गिऱ्हाईक परत जाते, मालक चिडतात, मुलगा गोंधळतो. चूक कोणाची? सांगायला हवे होते : "मी येईपर्यंत गल्ल्याजवळ बस. गिऱ्हाईक आले तर काकूंना हाक मार."

म्हणून मालकांनी चार गोष्टी सांभाळाव्यात. सूचना एका वेळी एक आणि सरळ शब्दांत द्यावी. दिवसाच्या कामांची यादी, वाचता येत नसेल तर चित्रांची, भिंतीला लावावी. कामात किंवा वेळेत बदल असेल तर आदल्या दिवशी सांगावे. गलबला असह्य झाला की दहा मिनिटे बसायला शांत कोपरा दाखवून ठेवावा. याला खर्च जवळजवळ नाही. पहिले काही आठवडे घरचे किंवा शाळेतले कोणी सोबत राहावे आणि मग हळूहळू मागे सरावे. दुकानातलाच एक समजूतदार गडी त्याचा पाठीराखा ठरवावा. अडचण आली की मुलाने कोणाला विचारायचे, हे पक्के हवे.

आणखी एक. "बिचाऱ्याचा वेळ जातो" म्हणून फुकट राबवून घेणे हा अन्याय आहे. काम दोन तासांचे असले तरी दोन तासांची योग्य मजुरी द्यावी, आणि ती त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात पडावी.

कायदा याला पाठबळ देतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा आहेत. त्यांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. या सवलतीसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज ऑनलाइन करावा लागतो. गावच्या सेवा केंद्रातून तो भरता येतो. तपासणीचा वार विचारूनच नांदेडची गाडी धरावी, म्हणजे खेप वाया जात नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावयाचा असतो. ग्रामसभेत उठून त्याचा हिशेब विचारा. शिलाई यंत्र, शेळ्या, वजनकाटा अशा साधनांची मागणी तेथे लेखी करा. मात्र १ टक्का जागा सर्वांना पुरणार नाहीत. बहुतेकांचे काम गावातच उभे करावे लागेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे तुमचा वाटा मोठा आहे. काम शोधण्याची तयारी अठराव्या वर्षी नव्हे, आठवीतच सुरू होते. या मुलाला काय जमते, काय सोसत नाही, शांत कशाने होतो, याची एक वही ठेवा. हजेरीपत्रक पोचवणे, झाडांना पाणी घालणे, घड्याळ पाहून घंटा देणे अशी कामे नेमाने द्या. सुट्ट्या पैशांचा हिशेब आणि एकट्याने एसटीचा प्रवास शिकवा. मुलगा शाळा सोडेल त्या दिवशी ती वही आईबापांच्या हाती द्या. पुढच्या मालकाला दाखल्यापेक्षा तिचाच उपयोग अधिक होईल.

सगळीच मुले पूर्णवेळ नोकरी करतील असे नव्हे. काहींना आयुष्यभर सोबत लागेल. पण ज्याला दोन तासांचे काम झेपते त्याला दिवसभर ओट्यावर बसवून ठेवणे बरे नव्हे. येत्या ग्रामसभेआधी आपल्या गावात असा तरुण कोण, त्याला काय येते, आणि त्याला घेईल असे दुकान, मळा किंवा कचेरी कोणती, एवढे तीन प्रश्न दोन-चार जणांनी बसून विचारावेत. एका मुलाचे काम टिकले, की दुसऱ्याच्या आईला मालकाच्या दारात जायला धीर येतो.