एका ऑक्सिजनची खोडी

क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर. एका टोकाला कळसूबाईच्या पायथ्याची अकोले तालुक्यातली गावं, दुसऱ्या टोकाला जामखेड. या पसाऱ्यात लस पोचते ती प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रीजच्या भरवशावर, आणि त्याचं तापमान २ ते ८ अंश. २०२० मध्ये फायझरची कोविडवरची एमआरएनए लस आली, तेव्हा तिला लागत होते उणे ७० अंश! ती इकडे टिकणार कशी?

आरएनए इतका नाजूक का? तलाठी मूळ दप्तर कुणाच्या हाती देत नाही. देतो ती नक्कल. पेशीतही तोच कारभार. डीएनए केंद्रकात बंदोबस्तात राहतो. प्रथिनं बनतात बाहेर, तिथं जाते एमआरएनए नावाची नक्कल. काम झालं की पेशी ती फाडून टाकते, बरेचदा काही तासांतच.

आणि पेशीनं नाही फाडली, तरी ती स्वतःच तुटते. आरएनएच्या साखरेत डीएनएपेक्षा एकच ऑक्सिजन अणू जास्त असतो. तो स्वस्थ बसत नाही, शेजारच्याच सांध्यावर घाला घालतो. त्यात भर म्हणजे आपल्या बोटांवर, घामातही आरएनए कापणारी विकरं असतात. अशा जिवाचं औषध करायचं कुणाला सुचावं?

पुण्याजवळ हिंजवडीत जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सनं नेमकं तेच केलं. जून २०२३ मध्ये कोरोनाच्या ओमिक्रॉन प्रकारावरची त्यांची ‘जेमकोव्हॅक-ओएम’ ही लस आली. या लशीतली नक्कल झेरॉक्सच्या यंत्राचा आराखडा सोबत घेऊनच पेशीत शिरते! हे यंत्र अल्फाव्हायरसकडून उसनं घेतलेलं आहे. आपल्याला सांधेदुखीनं वाकवणारा चिकुनगुन्या त्याच घराण्यातला. विषाणूचं कवच बनवणारी जनुकं काढून टाकायची आणि त्या जागी कोरोनाच्या काट्याचा मजकूर बसवायचा. मग आरएनए पेशीत आपल्याच प्रती काढत सुटतो, पण कवच नसल्यामुळे नवा विषाणू काही जन्माला येत नाही. शत्रूचं हत्यार इतक्या बेमालूमपणे वापरलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

फ्रीजचं काय? लस गोठवायची आणि निर्वात जागेत ठेवायची. बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते, मागे उरते कोरडी पूड. पाणीच गेलं, की त्या खोडकर ऑक्सिजनचे हात बांधले जातात. म्हणून आरोग्य केंद्रातला साधा फ्रीज तिला पुरतो. टोचायला सुईही नको. दाबाची बारीक धार ती कातडीत सोडते.

खरं सांगायचं तर लस आली तोवर कोविडची जागतिक आणीबाणी उठली होती, रांगाही ओसरल्या होत्या. पण मजकूर बदलला की तेच तंत्र दुसऱ्या रोगावर वळवता येतं.

आरएनएकडून याच्या उलट कामही करून घेता येतं. इन्क्लिसिरान हे वाईट कोलेस्टेरॉल कमी करणारं इंजेक्शन म्हणजे आरएनएचा चिमुकला तुकडा. तो यकृतात पीसीएसके९ हे प्रथिन बनवणारी नक्कल हुडकतो आणि पेशीकडूनच ती कापून घेतो. सुरुवातीच्या डोसांनंतर हे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदाच घ्यायचं! तासांत विरणारा रेणू महिनोन् महिने काम करतो तरी कसा? रसायनशास्त्रज्ञांनी त्या खोडकर ऑक्सिजनचीच जागा धरली. कुठं त्याला मिथाइलची टोपी चढवली, तर कुठं त्याला हाकलून फ्लोरिन बसवला.