बॅग कुणी भरायची?

वर्षभरासाठी परदेशी निघालेल्या पोरांची बॅग अख्खं घर मिळून भरतं. ज्याला जायचंय, तो सोडून!

परवा मावशीचा फोन आला. "तू जाऊन आलीयेस ना, ये जरा इकडे. बॅग बंदच होत नाहीये."

गेले, तर हॉलमध्ये नुसती जत्रा. सोफ्यावर चार स्वेटर, दोन शाली, खाली मेतकूट-भाजणीच्या पिशव्या. काका हुकाला बॅग लटकवून वजन करतायत. आजी तुपाची बरणी प्लास्टिकमध्ये गुंडाळतेय. आणि जिला जायचंय ती माझी मावसबहीण? झोपाळ्यावर बसून मोबाइल बघतेय.

ऑगस्टमध्ये ती जर्मनीला निघालीय. रोटरी यूथ एक्स्चेंज. पंधरा ते एकोणीस वयाची मुलं यात जवळपास एक शैक्षणिक वर्ष परदेशात राहतात. तिथल्याच शाळेत जायचं, तिथल्याच कुटुंबात राहायचं, भाषा शिकायची.

मी तिला विचारलं, "पासपोर्ट कुठंय तुझा?"

"आईला विचार ना."

"आणि ॲलर्जीच्या गोळ्या?"

"आईनं ठेवल्यात कुठेतरी."

माझ्या पोटात गोळाच आला. कारण चार वर्षांपूर्वी मीही हेच सांगत होते.

निळा पंप

मला लहानपणापासून दमा. निघताना आईने इनहेलर इतका जपून ठेवला, की तो मोठ्या बॅगेत दोन स्वेटरच्या मधोमध गेला. बॅग विमानाच्या पोटात आणि मी वर. चार-पाच तासांनी छाती भरून आली. खोकला थांबेना. एअर होस्टेसने विचारलं, "कुठलं औषध घेतेस?" मला नावच सांगता येईना. "ब्लू पंप" एवढंच म्हणत राहिले. विमानातल्या मेडिकल किटमध्ये इनहेलर निघाला म्हणून निभावलं.

आईची चूक होती का? नाही. सोळा वर्षं माझं औषध तिच्या लक्षात होतं. म्हणून ते माझ्या लक्षात राहायची वेळच आली नाही.

मावशीला हे सांगितलं. ती गप्प झाली. मग मी बॅग सरळ उलटी केली. "चल, आता तू भर."

उचलेल तोच नेईल

चेक-इन बॅगेला किती वजन चालतं ते प्रत्येक एअरलाइनचं, प्रत्येक तिकिटाचं वेगळं असतं. बऱ्याच तिकिटांवर एका बॅगेला २३ किलोची मर्यादा असते. तिकीट नीट वाचा, शेजारच्यांना विचारू नका.

पण काट्यापेक्षा खरी परीक्षा वेगळी. भरलेली बॅग स्वतः उचलून दोन जिने चढून दाखवायची. ट्रेनमध्ये चढवायला तिथे बाबा नसतात. शिवाय एक गोष्ट घरच्यांच्या लक्षातच येत नाही. या एक्स्चेंजमध्ये साधारणपणे वर्षभरात एकापेक्षा जास्त कुटुंबांत राहायचं असतं. म्हणजे ही बॅग एकदाच नाही, दोन-तीनदा भरायचीय. तेव्हा आई व्हिडीओ कॉलवर असेल, बॅगेवर बसायला नसेल!

कागद आधी, कपडे नंतर

पासपोर्टची तारीख स्वतः बघा. अल्पवयीनांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा वयाची अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालतो. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. परदेशात असतानाच तुमचा अठरावा वाढदिवस येत असेल, तर हे व्हिसाच्या आधीच निस्तरा.

पासपोर्ट, व्हिसा, विम्याचे कागद, आई-बाबांचं संमतीपत्र, शाळेचं पत्र, होस्ट फॅमिलीचा पत्ता. हे सगळं एका फोल्डरमध्ये आणि तो फोल्डर पाठीवरच्या सॅकमध्ये. एक झेरॉक्स संच मोठ्या बॅगेत, एक घरी. चार फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी संपली की तुम्हाला स्वतःच्या आईचा नंबर आठवतो का? माझ्या बहिणीला आठवला नाही.

आणि इथलं सिम बंद पडू देऊ नका. ओटीपी त्यावरच येतात.

आजीचं तूप

आता नाजूक विषय. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. म्हणजे तूप गेलं, पेढे गेले, खवा गेला. ताजी फळं-भाज्यांनाही डिसेंबर २०१९ पासून वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून केळी, खजूर अशा मोजक्या फळांची सुटका आहे. कढीपत्त्याची जुडी आणि हापूसची पेटी इथेच राहू दे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. तेलकट खोबरं तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला मनाई असते. कोरडं मेतकूट, गोडा मसाला, भाजणी मात्र घ्या. घट्ट सील केलेली आणि वर नाव लिहिलेली.

आजीने बरणी परत फडताळात ठेवली. "मग पोर जेवणार काय?"

जर्मन घरात रात्री बऱ्याचदा ब्रेड, चीज असं थंड जेवण असतं. त्याची सवय होते. पण एक दिवस अशी आठवण येते, की डोळे भरतात. त्या दिवशी मी कुकर नसताना पातेल्यात मऊ भात शिजवला आणि वर मेतकूट घातलं. होस्ट आईने दोनदा वाढून घेतलं! म्हणून खाऊचा डबा कमी द्या, पण तीन-चार पदार्थ करायला शिकवून पाठवा. त्याला वजन लागत नाही.

थंडी तिथेच विकत मिळते

चार स्वेटरमधले तीन बाहेर काढले. ऑगस्टमध्ये तिथे उन्हाळाच असतो. दोन थर्मल, एक स्वेटर, एक पावसाळी जॅकेट घ्या. खऱ्या थंडीचा कोट आणि बूट तिथेच घ्यावेत. तिथल्या थंडीचे कपडे तिथल्या दुकानांनाच चांगले कळतात. घरात घालायच्या सपाता मात्र विसरू नका. आपल्यासारखंच तिथेही बऱ्याच घरांत बूट दाराशी काढतात.

आपल्या तीन पिनी प्लगसाठी ॲडॉप्टर लागतो. व्होल्टेज सारखंच आहे. पॉवर बँक कायम केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये ती चालत नाही.

होस्ट फॅमिलीसाठी महागडं काही नको. वारलीचं छोटं चित्र, सावंतवाडीचं लाकडी खेळणं, असं काहीतरी जे कुठून आलं हे तुम्हाला सांगता येईल. आणि तिरंग्याच्या पिना भरपूर घ्या. रोटरीची मुलं एकमेकांच्या देशांच्या पिना ब्लेझरवर लावतात. परत येताना तो ब्लेझर घालवत नाही, इतका जड झालेला असतो.

सगळ्यात शेवटची गोष्ट

तीन तास लागले. मावशी मधेमधे उठायची, काका तिला बसवायचे. बहिणीने दोनदा चुकीचं भरलं, दोनदा उपसलं. शेवटी काटा २१ वर थांबला. बॅग घेऊन ती दोन जिने चढून आली. धापा टाकत होती, पण खूश होती.

मग औषधांची पिशवी उघडली. ती पाठीवरच्या सॅकमध्ये जाणार होती. डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्या मूळ पाकिटातच.

तिने वही घेतली आणि मावशीजवळ जाऊन बसली. "आई, माझ्या ॲलर्जीच्या गोळीचं खरं नाव काय गं? ब्रँडचं नको, औषधाचं सांग."

मावशीने एकेक अक्षर सांगितलं. बहीण लिहीत गेली. मग मावशीने वही हातात घेतली, स्पेलिंग तपासलं आणि म्हणाली, "आता न बघता म्हणून दाखव."

निघण्याआधी महिनाभर हे करून बघा

- स्वतःचे कपडे स्वतः धुवा, वाळत घाला, घडी करा.
- एकदा एकटे डॉक्टरकडे जा आणि काय होतंय ते इंग्रजीत सांगा.
- भात, वरण, पोहे, ऑम्लेट. एवढं हाताखाली असू द्या.
- घरी फोन कधी करायचा ते ठरवा. जर्मनीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार तास.
- रविवारी तिथे बहुतेक दुकानं बंद असतात. पॅड, गोळ्या, टूथपेस्ट पहिल्या आठवड्यापुरतं बरोबर असू द्या.